सी, डी आणि न दिसणारी पार्टिशनं: अख्ख्या डिस्कचा बॅकअप आणि रिस्टोअर

फोंड्यातलं हार्डवेअरचं दुकान असो, डिचोलीतल्या शाळेचं कार्यालय असो की एखाद्या देवस्थानची कचेरी, तिथल्या कॉम्प्युटरवर दोनच ड्राइव्ह दिसतात: सी आणि डी. सीमध्ये विंडोज, डीमध्ये हिशेब, महाजनांच्या याद्या, पत्रव्यवहार, उत्सवांचे फोटो. बॅकअप म्हणजे या दोन्हींतल्या फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवणं, असाच सर्वसाधारण समज आहे. डीपुरता तो बरोबर आहे, सीपुरता मुळीच नाही. उद्या डिस्क मेली आणि नव्या डिस्कवर त्या सगळ्या फाइली जशाच्या तशा परत टाकल्या, तरी कॉम्प्युटर चालू होणार नाही. जे कॉम्प्युटर चालू करतं ते सीमध्येही नसतं आणि डीमध्येही नसतं.

डिस्कवर खरोखर काय काय असतं

आजचे बहुतेक कॉम्प्युटर यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होतात आणि त्यांची डिस्क जीपीटी प्रकारची (पार्टिशनांचा तक्ता ठेवायची नवी पद्धत) असते. अशा डिस्कवर पार्टिशनांचा, म्हणजे डिस्कच्या आखून वेगळ्या केलेल्या भागांचा, साधारण हा क्रम सापडतो: सुरुवातीला १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन (विंडोज टाकून विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर बरेचदा २६० एमबी), मग १६ एमबीचं मायक्रोसॉफ्ट रिझर्व्हड, मग सी, सीच्या पाठीला लागून पाचशे एमबी ते एक जीबीच्या आसपासचं रिकव्हरी पार्टिशन आणि शेवटी डी. विंडोज सुरू करणाऱ्या फाइली ईएफआय पार्टिशनमध्ये असतात. त्याला ड्राइव्हचं अक्षर नसतं, त्यामुळे फाइली कॉपी करताना ते हाताला लागतच नाही.

या सगळ्याच्या आधी, डिस्कच्या पहिल्या ३४ सेक्टरांत (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सगळ्यात लहान तुकडा), पार्टिशनांचा तक्ता असतो. जमिनीच्या सर्व्हे प्लॅनवर जशा हद्दी आखलेल्या असतात तसं कुठलं पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून कुठल्या सेक्टरपर्यंत, ते इथे लिहिलेलं असतं. जीपीटीमध्ये याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या ३३ सेक्टरांत ठेवलेली असते. जुन्या एमबीआर पद्धतीत मात्र एकच प्रत, तीही पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरात: त्यातले ४४६ बाइट सुरू करणाऱ्या कोडचे, ६४ बाइट तक्त्याचे. त्या ६४ बाइटांत चारच नोंदी मावतात, म्हणून एमबीआर डिस्कवर चारपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं करता येत नाहीत. नोंदीत सेक्टरचा आकडाही ठरावीकच मावतो, त्यामुळे २ टीबीपलीकडची जागाही वापरता येत नाही.

बॅकअपच्या आधी पाच मिनिटं खर्च करून हा नकाशा टिपून ठेवा. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडा आणि मोबाइलवर त्याचा स्वच्छ फोटो काढा. तिथे मायक्रोसॉफ्ट रिझर्व्हड पार्टिशन दिसत नाही. ते पाहायचं असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट चालवा, मग ‘सिलेक्ट डिस्क ०’ आणि ‘लिस्ट पार्टिशन’. (आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत, टंकताना इंग्रजी अक्षरांत टंकायच्या.) हा फोटो पुढे इमेजसोबतच ठेवायचा. नवी डिस्क घ्यायला माणूस पणजीला किंवा मडगावला गेला की दुकानात उभं राहून नेमकी साइज सांगायला तोच उपयोगी पडतो.

इमेज हवी आणि फाइलींची प्रतही हवी

अख्ख्या डिस्कचा बॅकअप म्हणजे इमेज: तक्ता, ईएफआय, रिझर्व्हड, सी, रिकव्हरी, डी, सगळं एकत्र. ती परत टाकली की त्या दिवशीचा कॉम्प्युटर जसाच्या तसा उभा राहतो. प्रिंटरचे ड्रायव्हर, टॅलीची मांडणी, ज्याची सीडी कधीच हरवली आहे ते जुनं मराठी टंकलेखनाचं सॉफ्टवेअर आणि त्याचे फॉण्ट, सगळं जागच्या जागी. पण इमेज रोज घेणं परवडत नाही, आणि तिच्यातून ‘कालचं ते एकच पत्र’ काढणं सोपं नसतं. म्हणून चालू कामाच्या फाइलींची वेगळी प्रत रोज किंवा आठवड्याला घ्यायचीच. इमेज वर्षातून तीन-चार वेळा पुरते: ३१ मार्चचे हिशेब बंद झाल्यावर, पाऊस लागायच्या आधी मे महिन्यात, चवथीच्या सुट्टीत कार्यालय बंद असताना, आणि विंडोजचं मोठं अपग्रेड करण्याआधी. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ज्यांचं ११ वर जाणं अजून बाकी आहे त्यांनी आधी इमेज घ्यावी, मग अपग्रेडच्या बटनाला हात लावावा.

टॅली वापरणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून घ्यावी. डेटा डीमध्ये आहे असं सगळे धरून चालतात, पण नेहमीच्या पद्धतीने टाकलेल्या टॅलीचा डेटा बरेचदा सीमध्येच असतो. टॅलीच्या आत डेटाचा रस्ता लिहिलेला असतो. तो वाचा आणि रोजच्या प्रतीत तो फोल्डर धरा.

साधन कुठलं? आमचं मत क्लोनझिलाच्या बाजूने आहे. तैवानमधल्या एनसीएचसी या संगणन केंद्राने ते बनवलं, ते फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं आणि विंडोज मेलेलं असलं तरी त्याचं काही अडत नाही. आत पार्टक्लोन नावाचा भाग असतो. तो एनटीएफएस, फॅट, ईएक्सटी४ अशा फाइल सिस्टिम ओळखतो आणि फक्त भरलेला भाग उचलतो, म्हणून ५१२ जीबीच्या डिस्कवर १८० जीबी भरलेले असतील तर तेवढेच वाचले जातात. निळ्या पडद्यावरच्या मेनूची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी रेस्क्यूझिला घ्यावं. ते माउसने चालतं आणि क्लोनझिलाच्या इमेजही वाचतं. विंडोजमधलं जुनं ‘सिस्टिम इमेज’ मायक्रोसॉफ्टने पुढे वाढवणं सोडून दिलं आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

इमेज घेण्याआधी

पहिली तपासणी डिस्कच्या तब्येतीची. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्राममध्ये स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांची, माहिती दिसते. फिरत्या हार्डडिस्कवर ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ हे दोन आकडे बघा. दोन्ही शून्य असले तर पुढे चला. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर गेला असेल तर चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क तासन्‌तास डोकं फिरवत राहतं, दुरुस्तीच्या नावाखाली फाइलींची तोडमोड करतं आणि उरलेला जीवही घेतं. अशा डिस्कची आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने कच्ची प्रत काढायची. ते वाचता येणारं सगळं आधी उचलतं, खराब जागा शेवटी राखून ठेवतं आणि कुठवर आलं ते मॅपफाइलमध्ये लिहीत जातं. मध्ये वीज गेली तरी मॅपफाइलमुळे तिथूनच पुढे सुरू करता येतं. बाकीची सगळी दुरुस्ती मग त्या प्रतीवर.

डिस्क निरोगी असेल तर सी आणि डी दोन्हींवर ‘चेकडिस्क /एफ’ (टंकताना chkdsk) चालवून घ्या. सीसाठी ते पुढच्या रीस्टार्टला होतं. फाइल सिस्टिममध्ये गडबड असली की पार्टक्लोन पुढे जायला नकार देतं आणि ते बरोबरच करतं.

दुसरं म्हणजे फास्ट स्टार्टअप. विंडोज बंद केलं असं वाटतं तेव्हा ते अर्धवट झोपलेलं असतं आणि सी ड्राइव्ह ‘वापरात आहे’ अशीच खूण राहते. पेनड्राइव्हवरून सुरू झालेलं क्लोनझिला ही खूण बघून थांबतं. कायमचा उपाय: ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. याने हायबरनेशनची फाइलही जाते आणि कित्येक जीबी मोकळे होतात. एका वेळेपुरता उपाय: शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा.

तिसरं, आणि हल्ली सगळ्यात जास्त घोळ घालणारं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं (एन्क्रिप्शन करणारं) साधन. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने उभ्या केलेल्या बहुतेक लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. मालकाला कुणी विचारलेलंही नसतं. ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’ या आज्ञेने ते कळतं. पार्टिशन कुलूपबंद असेल तर क्लोनझिलाला आत काय भरलंय ते दिसत नाही, मग ते एकूण एक सेक्टर उचलतं. ४०० जीबीच्या सीमध्ये ९० जीबी भरलेले असले तरी इमेज जवळजवळ ४०० जीबीचीच होते, कारण एन्क्रिप्ट केलेला डेटा दाबून लहान होत नाही. ‘सस्पेंड’ केल्याने यात काही फरक पडत नाही. सस्पेंडमध्ये कुलूप तसंच राहतं, फक्त चावी बाहेर लटकते. बिटलॉकर पूर्ण ‘टर्न ऑफ’ करून डिक्रिप्शन शंभर टक्के संपेपर्यंत थांबायचं, इमेज घ्यायची, मग पुन्हा सुरू करायचं. काहीही करण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हाइसच्या पानावर सापडते. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये गेली की कॉम्प्युटर तीच मागतो, आणि ती नसली तर डेटा गेला.

चौथं: क्लोनझिलामध्ये लॅपटॉपची आतली डिस्कच दिसली नाही तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) स्टोरेज ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’वर आहे का ते बघा. डिस्क दिसायला ते ‘एएचसीआय’ हवं, पण थेट बदललं तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. आधी विंडोजमधून ‘बीसीडीएडिट /सेट सेफबूट मिनिमल’ द्यायचं, रीस्टार्ट करून बायॉसमध्ये बदल करायचा, सेफ मोडमध्ये एकदा विंडोज सुरू होऊ द्यायचं, आणि ‘बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू सेफबूट’ देऊन परत नेहमीच्या मोडमध्ये यायचं. सेफ मोडमध्ये लॉगिनला पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या.

इमेज घेणं

लागणारं सामान: किमान १ जीबीचा पेनड्राइव्ह आणि बाहेरची यूएसबी ३ हार्डडिस्क. डिस्क भरलेल्या डेटाच्या निदान दीडपट घ्या, म्हणजे जुनी इमेज पुसायची घाई होत नाही. क्लोनझिलाची ‘स्टेबल’, ‘एएमडी६४’ आयएसओ फाइल उतरवून रूफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं.

१. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू करा आणि बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ लिहिलेली नोंद निवडा. विंडोज ज्या पद्धतीने सुरू होतं त्याच पद्धतीने क्लोनझिला सुरू झालं पाहिजे.

२. भाषा, कीबोर्ड, ‘स्टार्ट क्लोनझिला’ यांवर एंटर. मग ‘डिव्हाइस-इमेज’. ‘डिव्हाइस-डिव्हाइस’ म्हणजे थेट डिस्कवरून डिस्कवर. तिथे इमेज तयार होत नाही.

३. ‘लोकल_डेव्ह’ निवडा, आता बाहेरची डिस्क लावा, पाच-सात सेकंद थांबा. यादीत ती दिसली की कंट्रोल-सी दाबून पुढे. इमेज ठेवायची जागा म्हणून बाहेरच्या डिस्कचं पार्टिशन निवडा. ते एनटीएफएस असलं तर उत्तम.

४. ‘बिगिनर’, मग ‘सेव्हडिस्क’. ‘सेव्हपार्ट्‌स’ नको, त्यात एखादं लहान पार्टिशन निवडायचं राहून जातं आणि ते नेमकं ईएफआय असतं.

५. इमेजला नाव द्या. मध्ये जागा सोडू नका. तारीख आणि कॉम्प्युटर दोन्ही कळतील असं नाव हवं, ‘ऑफिस-२०२६-०५-१०’ यासारखं, अर्थात इंग्रजी अक्षरांत.

६. कुठल्या डिस्कची इमेज ते निवडा. इथे ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर विसंबू नका, ती दर वेळी बदलू शकतात. शेजारी छापलेलं मॉडेल आणि साइज वाचा. नव्या लॅपटॉपची आतली डिस्क ‘एनव्हीएमई०एन१’ अशी दिसते.

७. फाइल सिस्टिम तपासणी वगळा (ती विंडोजमध्ये झालेली आहे), सेव्ह केल्यावर इमेज तपासायला ‘यस’ म्हणा. एन्क्रिप्शनचा प्रश्न येतो; परवलीचा शब्द जपून ठेवायची सोय असेल तरच होकार द्या, तो विसरला तर इमेज कचरा. शेवटी ‘वाय’ दाबा.

वेळेचा अंदाज: साधी बाहेरची हार्डडिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास चालते, म्हणजे १८० जीबीला अर्धा तास, आणि तपासणीचा वेळ वेगळा. हेच काम दीड-दोन तासांवर गेलं तर केबल बहुधा यूएसबी २ च्या सॉकेटमध्ये आहे. काळ्याऐवजी निळ्या सॉकेटमध्ये लावा.

शेवटी बाहेरच्या डिस्कवर एक फोल्डर दिसेल. त्यात पार्टिशनांचा तक्ता, डिस्कची माहिती आणि प्रत्येक पार्टिशनच्या फाइली असतात. यातली एकही हलवू नका, नाव बदलू नका. डिस्क मॅनेजमेंटचा तो फोटो आणि बिटलॉकरची की मात्र या फोल्डरच्या शेजारी, वेगळ्या फोल्डरमध्ये. कीचा कागद तर दुसऱ्याच जागी.

तपासणी

क्लोनझिला ‘रिस्टोअरेबल’ म्हणतं त्याचा अर्थ एवढाच, की इमेजच्या फाइली वाचता येतात. विंडोज सुरू होईल की नाही ते त्यातून कळत नाही. पहिली इमेज घेतल्यावर एकदा तरी दुसऱ्या डिस्कवर ती टाकून बघा. तेवढ्याच साइजची किंवा मोठी जुनी डिस्क कुणाकडे ना कुणाकडे पडलेली असते. मूळ डिस्क काढून ठेवा, जुनी लावा, रिस्टोअर करा, विंडोज सुरू होऊन टॅली उघडतं का पाहा. मूळ आणि प्रत एकाच वेळी कॉम्प्युटरला जोडून विंडोज सुरू करू नका. दोघींच्या ओळखी सारख्या असतात, त्यामुळे विंडोज एकीला ‘ऑफलाइन’ टाकतं किंवा तिची ओळख बदलतं, आणि मग नेमकी कुठल्या डिस्कवरून सुरू झालो याचाच गोंधळ होतो.

रिस्टोअर: आधी ठरवा, सगळी डिस्क की फक्त सी

डिस्क मेली असेल तर पर्याय नाही. पेनड्राइव्हवरून तेच टप्पे, फक्त चौथ्या पायरीला ‘रिस्टोअरडिस्क’, मग इमेज आणि नवी डिस्क. क्लोनझिला दोनदा विचारतं. दुसऱ्यांदा ‘वाय’ दाबण्याआधी डिस्कचं मॉडेल पुन्हा वाचा, कारण इथे इमेजवाली बाहेरची डिस्कही जोडलेली आहे.

पण बहुतेक वेळा डिस्क धडधाकट असते आणि फक्त विंडोज बिघडलेलं असतं: अपडेट अर्धवट राहिलं, व्हायरस आला, सुरू होताना गोल फिरत राहतं. अशा वेळी ‘रिस्टोअरडिस्क’ केलं तर मे महिन्यातली इमेज डीवरही पडते आणि त्यानंतरची सगळी कामं पुसली जातात. इथे ‘रिस्टोअरपार्ट्‌स’ वापरायचं. तो पार्टिशनचा तक्ता आणि डी यांना हात लावत नाही. यादीत स्पेसबारने फक्त सीचं पार्टिशन निवडा, आणि विंडोज मुळात सुरूच होत नसेल तर ईएफआयचंही. साइजवरून ओळखा, सी बहुधा तिसऱ्या क्रमांकावर असतं. इमेज घेतल्यानंतर पार्टिशनांच्या हद्दी बदलल्या असतील तर हे करू नका, कारण पार्टिशन मूळ आकाराचं किंवा मोठं हवं.

सी पुसण्याआधी त्यातल्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्‌स आणि डाउनलोड्‌समधल्या नव्या फाइली वाचवायच्या. विंडोज सुरू होत नसलं तरी उबुंटू या फुकट लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ‘ट्राय’ निवडून सी उघडता येतो आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर ओढता येतात. लोक सगळं डीमध्ये ठेवतो म्हणतात आणि मग महत्त्वाचं पत्र नेमकं डेस्कटॉपवर सापडतं.

नवी डिस्क घेताना आकडे नीट वाचा. बाजारात ४८०, ५०० आणि ५१२ अशा तीनही साइजच्या एसएसडी शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि दुकानदार तिन्हींना ‘पाचशे’ म्हणतो. ५१२ जीबीच्या डिस्कची इमेज ५०० जीबीवर जात नाही, आतले तीनशे जीबी रिकामे असले तरी. १००० आणि १०२४ चंही तेच. लहान डिस्कवर बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण पार्टिशनं आधी आकसावी लागतात आणि त्यात चुकायला भरपूर जागा आहे. थोडे जास्त पैसे देऊन तेवढीच किंवा मोठी डिस्क घेणं शहाणपणाचं.

मोठ्या डिस्कवर टाकल्यावर जादा जागा शेवटी, डीच्या मागे मोकळी पडते. डीला ती डिस्क मॅनेजमेंटमधून जोडता येते, सीला नाही, कारण मध्ये रिकव्हरी आणि डी उभी आहेत. सी वाढवायचाच असेल तर रिस्टोअर करतानाच ‘-के१’ हा पर्याय घ्या. सी आणि डी आपापल्या प्रमाणात वाढतात. नंतर सीची साइज डिस्क मॅनेजमेंटमध्ये मोठी पण फाइल एक्सप्लोररमध्ये जुनीच दिसली, तर डिस्कपार्टमध्ये ते व्हॉल्यूम निवडून ‘एक्स्टेंड फाइलसिस्टिम’ द्या. २ टीबीहून मोठ्या डिस्कवर एमबीआरची इमेज टाकली असेल तर वरची जागा वापरता येणार नाही. त्यासाठी विंडोजमधलं ‘एमबीआर२जीपीटी’ आहे, पण ते चालवण्याआधी नवी इमेज घ्या.

एक कमी माहितीची अडचण: काही यूएसबी पेट्या आपल्यातली डिस्क ४०९६ बाइटच्या सेक्टरची आहे असं भासवतात. ५१२ बाइटच्या डिस्कची इमेज अशा पेटीतल्या डिस्कवर टाकली की तक्त्यातले सगळे आकडे चुकतात. रिस्टोअर करताना नवी डिस्क शक्यतो कॉम्प्युटरच्या आत बसवूनच करा.

रिस्टोअर झालं, पण सुरू होत नाही

यूईएफआय कॉम्प्युटर ‘विंडोज बूट मॅनेजर’ची नोंद डिस्कवर ठेवत नाही, मदरबोर्डच्या स्मृतीत ठेवतो. दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये किंवा बायॉस रीसेट झाल्यावर ती नोंद नसते. आधी बूट मेनूमधून डिस्कची नोंद हाताने निवडून बघा, बरेचदा एवढ्यानेच काम होतं. नाहीच झालं तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि शिफ्ट-एफ१० दाबा. डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ देऊन फॅट३२ लिहिलेलं १०० किंवा २६० एमबीचं व्हॉल्यूम शोधा, ते निवडा आणि ‘असाइन लेटर=एस’ द्या. त्याच यादीत विंडोजच्या पार्टिशनला कुठलं अक्षर मिळालंय ते बघा. इथे ते सी असेलच असं नाही. डिस्कपार्टमधून बाहेर येऊन ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’, सीच्या जागी जे अक्षर असेल ते. शेवटी पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट करा.

निळा पडदा येऊन ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलं असेल तर दोष इमेजचा नाही. बायॉसमधलं स्टोरेजचं सेटिंग मूळ कॉम्प्युटरपेक्षा वेगळं आहे. एएचसीआय किंवा आरएसटी, जे आधी होतं तेच लावा.

वीज आणि पाऊस

जूनपासून झाडं तारांवर पडतात आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. डेस्कटॉपच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर दहा-पंधरा मिनिटंच मिळतात, रिस्टोअर त्यात संपत नाही. घरचा इन्व्हर्टर असला तर तो यूपीएस मोडवर आहे का ते पाहा, नाहीतर बदलाच्या त्या क्षणी कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून घ्या आणि चार्जरही लावून ठेवा.

इमेज घेताना वीज गेली तर फक्त ती अर्धवट इमेज फेकायची, मूळ डिस्क वाचली जात होती, लिहिली जात नव्हती. रिस्टोअरमध्ये गेली तर नव्या डिस्कवर अर्धवट पडलेलं पुन्हा पहिल्यापासून टाकायचं, इमेज सुखरूप असते. खरा धोका जीपार्टेडसारख्या प्रोग्रामने पार्टिशन सरकवताना किंवा आकार बदलताना आहे. तिथे मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी राहतो, परतायची वाट नसते. हे काम पावसाळ्यात डेस्कटॉपवर करू नका, आणि कधीही केलं तरी आधी इमेज हवी.

बाहेरची डिस्क काम झाल्यावर जोडून ठेवू नका. विजेचा झटका आणि फाइली कोंडणारा व्हायरस, दोन्ही जोडलेल्या डिस्कवर पोचतात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, पुड्या महिन्या-दीड महिन्याने बदला. समुद्राजवळच्या गावांत यूएसबीच्या टोकांवर हिरवट थर चढतो. केबल डब्यातच ठेवा, भिंतीतल्या कपाटात उघडी नको. एसीच्या खोलीतून दमट हवेत नेली की डिस्कच्या आतबाहेर बाष्प धरतं, म्हणून लावण्याआधी ती पिशवीतच अर्धा तास राहू द्या. वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या इमेजसाठी एसएसडीपेक्षा फिरती हार्डडिस्क बरी. वीज न मिळालेल्या एसएसडीतला डेटा हळूहळू विरळ होतो.

डिस्कवर चिकटपट्टी लावून कॉम्प्युटरचं नाव, इमेजची तारीख, मूळ डिस्कची साइज आणि ‘यूईएफआय’ की ‘एमबीआर’ एवढं लिहा. दुसरी प्रत कार्यालयाच्या बाहेर ठेवा, खजिनदाराच्या किंवा मुख्याध्यापकांच्या घरी, आणि कुणाकडे आहे ते वहीत नोंदवा.